गेटातला जागेवाला

तो गेटात आडवा पडला होता आणि मी अंगणात आनंदानं नाचत होते.

"मावशी! ताई! बाहेर या लवकर! सी लायन आलाय! आपल्या गेटात!"

माझ्या तोंडात टूथब्रश तसाच होता, पायात चपला नव्हत्या. बार्शीत वाढलेल्या, कॉलेजच्या सहलीत पहिल्यांदा समुद्र पाहिलेल्या मुलीच्या दारात सकाळी सकाळी सी लायन येऊन झोपतो, म्हणजे काय चेष्टा आहे? आमच्याकडे दारात आलं तर कुत्रं येतं, फार तर गाय येते. ड्युनेडिनला वन्यजीवांचा अभ्यास करायला आल्यापासून मी याच प्राण्यासाठी गार वाऱ्यात किनारे तुडवले होते. दर वेळी तो लांब, दुर्बिणीतून, वाळूतल्या ओंडक्याएवढा दिसायचा. आणि आज हा बाबा स्वतःच्या पायांनी, म्हणजे स्वतःच्या वल्ह्यांनी, रस्ता ओलांडून आमच्याकडे आला होता.

चांगला वयात आलेला नर होता. काळपट तपकिरी अंग, मानेभोवती राठ केस, पाठीवर वाळू चिकटलेली. दोन्ही बाजूंना दगडी भिंत आणि मधे गेटाची फट. त्या फटीत तो बाटलीत बूच बसावं तसा बसला होता. डोळे मिटलेले. मधूनच नाक फुरफुरायचं आणि सगळ्या अंगावरून लाट जायची.

जयूमावशी हातातला झारा घेऊन पायरीवर आली. तिनं डोळे बारीक केले.

"ह्यो रेडो कोणाचो?"

"रेडा नाही ओ मावशी, सी लायन. समुद्रातला. जगात अगदी थोडे उरलेत."

"थोडे उरलेत तर हंय कित्याक इलो?"

मागून चैतालीताई आली. ती खळखळून हसली, मोबाइल वर धरून फोटो काढायला लागली. आणि तिसऱ्या की चौथ्या फोटोला तिचा हात खाली आला, कठडा घट्ट धरला गेला आणि चेहरा एकदम पांढरा पडला.

"वृषाली," ती म्हणाली, "पाणी गेलं गं."

आता हे घर आणि ही माणसं सांगायला हवीत. ड्युनेडिन गावातून बाहेर पडून बंदराच्या काठाकाठानं एक अरुंद रस्ता जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उभा डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी चिकटलेली लाकडी घरं. त्यातलं एक चैतालीताई आणि तिचा नवरा साईश यांनी भाड्यानं घेतलं होतं. दोघंही मालवणकडची. खालची खोली त्यांनी मला दिली होती. भाडं नावालाच होतं, पण घरात, अंगणात आणि छपरावर जे काही प्राणी येतील त्यांची जबाबदारी माझी, असं साईशदादानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. माझ्या खोलीच्या जमिनीखाली छोट्या निळ्या पेंग्विनांचं एक जोडपं राहायचं. त्यांची रोजची भांडणं ऐकत मी झोपायचे, सकाळी बसनं विद्यापीठात जायचे, दुपारी पेंग्विनांची घरटी तपासायचे आणि संध्याकाळी त्यांच्याच विष्ठेचा वास अंगावर घेऊन परत यायचे. बसमध्ये माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी असायची. पण मी इतकी खुशीत असायचे की त्याचं मला काही वाटायचं नाही.

चैतालीताईला दिवस गेले तसं साईशदादाच्या आईचं यायचं ठरलं. तिचा व्हिसा अडकला आणि ऐन वेळी ताईची स्वतःची आई, जयूमावशी आली. येताना डिंक, आळीव, सुंठ, सुकट आणि सोललेले नारळ असं काय काय घेऊन निघाली होती. निम्मं विमानतळावर काढून घेतलं. "तेंका खाऊक व्हया असात," एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी इथल्या बाजारातून नारळ शोधून आणले.

मावशी मला पहिल्या जेवणापासून आवडली. पण या दोघी मायलेकींमधलं काहीतरी मला कळत नव्हतं. भांडण म्हणावं तर आवाज कधी चढायचा नाही. मावशी मालवणीत बोलायची आणि ताई तिला उत्तर द्यायची ते पुस्तकातल्यासारखं, नीट मापून. साईशदादाशी तीच ताई मालवणीत खिदळायची. आईशी मात्र, "आई, तू जेवून घे. आई, औषध घेतलंस का?" बँकेत समोरच्या माणसाशी बोलावं तसं.

आणि मुख्य म्हणजे ते बाळंतपणाचं. बाळ अजून फिरलं नव्हतं, डोकं वरच होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाणी गेलं तर घरी क्षणभर थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, बहुतेक ऑपरेशन करावं लागेल. आत एकाच माणसाला सोडतात. साईशदादा असेल तर तो आत जाईल. आणि तो नसेल तर?

"तर वृषाली आत येईल," ताई जेवताना म्हणाली होती.

मी चमकून मावशीकडे पाहिलं. "मी? पण मावशी आहेत की."

"आई बाहेर बसेल."

मावशी तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं मान वर केली नाही. "मी भायर बसतंय," ती म्हणाली. एवढंच. मला आणखी विचारायचं होतं, पण मी पडले भाडेकरू.

आणि आज साईशदादा कामासाठी क्राइस्टचर्चला गेलेला होता. बाळाला अजून तीन आठवडे होते, म्हणून तर गेला होता.

ताईला आम्ही व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं. पहाटेपासून दुखतंय, मला वाटलं नेहमीचंच असेल, असं ती आता सांगायला लागली. मी फोन लावले. दवाखान्यातली दाई म्हणाली, गाडी असेल तर निघा, आत्ता निघा. रुग्णवाहिका पाठवते, पण ती शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि आली तरी त्याच रस्त्यानं येणार.

"गाडी आहे," मी म्हणाले. "पण गेटात सी लायन झोपलाय."

ती म्हणाली, "मग त्याला उठवा ना."

इथेच तर गोम होती. मी वन्यजीव खात्याला फोन केला. तिथला माणूस फार गोड बोलला. वीस मीटरच्या आत जाऊ नका, त्याला हुसकावू नका, पाणी मारू नका, काठी दाखवू नका, खायला तर मुळीच घालू नका, तो संरक्षित प्राणी आहे. आम्ही येतो, पण आमची माणसं आत्ता दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावर आहेत, तासभर तरी लागेल. यातलं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. गेल्याच महिन्यात मी ते परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते.

घराच्या मागे उभा डोंगर आणि कमरेएवढी काटेरी झुडपं. बाजूच्या दगडी भिंती माझ्या छातीपर्यंत. धडधाकट माणूस चढून गेला असता, पण कळा देणाऱ्या बाईला तिथून कसं नेणार? आणि गाडी गेटाच्या आत. शेजारच्या घरातले अलिस्टर आजोबा गडबड ऐकून सपाता घालून बाहेर रस्त्यावर आले होते. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी गाडी विकून टाकली होती. ते तिथूनच ओरडले, "काय झालं?"

"बाळ येतंय!" मी ओरडले.

"त्याला?" त्यांनी सी लायनकडे बोट दाखवलं.

"नाही! आमच्या ताईला!"

आजोबा क्षणभर गोंधळले आणि मग रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही हात पसरून येणारी-जाणारी वाहनं थांबवायला लागले. त्या क्षणी एकही वाहन येत नव्हतं, तरीही.

मी गाडीत बसले. म्हटलं, नियम गेले खड्ड्यात, इंजिनाच्या आवाजानं उठेल. गाडी मला चांगली चालवता यायची, इथलं लायसनही काढलं होतं. हळूहळू गेटाकडे नेली, जोरात रेस दिली. सी लायननं एक डोळा उघडला. मी आणखी रेस दिली. आणि मग जे झालं ते इतक्या झटक्यात झालं की मला नीट सांगताही येत नाही. तो पडल्या जागेवरून पुढच्या वल्ह्यांवर उभा राहिला, मान ताणली, तोंड वासलं आणि बंपरवर येऊन आदळला. पिवळे दात, गुलाबी जबडा आणि कुजक्या माशांचा वास थेट काचेतून आत. प्लॅस्टिकचा तुकडा मोडल्याचा आवाज झाला. मी किंचाळत गाडी मागे घेतली ती तुळशीच्या कुंडीला धडकून थांबली.

तो गेटात परत गेला, पहिल्यापेक्षा जास्त ऐसपैस पसरला आणि आता डोळे उघडे ठेवून पडला.

गाडीतून उतरले, आणि खोटं कशाला सांगू, इतकी घाबरलेली असूनही आत कुठेतरी मला ओरडावंसं वाटत होतं, बघा, मी बघितला, इतक्या जवळून बघितला! पण समोर ताई खुर्चीत वाकली होती, ओठ चावत होती.

"बाळाचं काय होणार गं, वृषाली?" तिनं विचारलं. "त्याला काही होणार तर नाही ना?"

"काही होत नाही," मी म्हणाले. मला काय माहीत होतं?

जयूमावशी एवढा वेळ लेकीची पाठ चोळत होती. ती उठली, पायऱ्या उतरून अंगणाच्या मध्यावर आली आणि कमरेवर हात ठेवून सी लायनकडे बघत उभी राहिली.

"ह्या घरात राहूक इलास तेव्हा जागेवाल्याक काय दिलास?" तिनं मागं न बघता विचारलं.

"कुणाला?" मी म्हणाले.

"जागेवाल्याक. जागेचो राखणदार आसता मा? तेचो मान?"

ताई खुर्चीतून कण्हली. "आई, प्लीज. आत्ता नको."

"नाय दिलास. माका वाटलाच. दिवस भरलेली बाय घरात आसा, चूल पेटता, कोणी नारळ म्हणान ठेवक नाय. मगे तो येतलोच. वाटेतच बसतलो." आणि ती स्वयंपाकघरात गेली नि नारळ घेऊन बाहेर आली. हळद-कुंकू लावलेला नारळ. एवढ्या गडबडीत तिनं ते कधी लावलं देव जाणे.

माझ्यातली विद्यार्थिनी जागी झाली. "मावशी, त्याला खायला घालायचं नाही. कायद्यानं गुन्हा आहे. आणि तो मासे खातो, नारळ नाही."

"तेका कोण खावक घालता? ह्यो देवाक."

"पण तो देव नाही ओ! सस्तन प्राणी आहे!"

"आसांदे." तिनं पदर खोचला. "तू शिकल्याला चेडू. तुका सुचला ता सगळा केलंस. बंपर गेलो. आता मी गाऱ्हाणा घालतंय. माझो बापूस गावच्या देवळात गाऱ्हाणा घाली. मी बोललंय की तू मागसून म्हणायचा, व्हय म्हाराजा. मोठ्यान."

"गाऱ्हाणं पुरुष घालतात ना?" मी उगीच काहीतरी बोलले.

"हंय पुरुष कोण आसा? एक क्राइस्टचर्चाक गेलो, नि दुसरो थंय गेटात पडलोहा."

मी वीस मीटर मोजले. म्हणजे मनातल्या मनात मोजले आणि मावशीला हाताला धरून त्यामागे ओढलं. तेवढं मी माझ्या शिक्षणाला जागले. तिनं चपला काढल्या, नारळ दोन्ही हातांत धरला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बा जागेवाल्या म्हाराजा…"

माझा आवाजच फुटेना. आयुष्यात मी असलं काही केलं नव्हतं. मावशीनं डोळे वटारले.

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटले.

"तुझी ही जागा. आमी लांबची माणसा. तुका इचारल्याशिवाय हंय चूल मांडली, तुझो मान तुका दिलो नाय. ती चुकी पदरात घे रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

सी लायननं मान उचलली आणि आमच्याकडे पाहिलं. त्याच्या मिशा हलल्या. रस्त्यावर अलिस्टर आजोबांनी प्रार्थना चाललीय असं समजून टोपी काढून छातीशी धरली.

"आज ह्या घरात एक लेकरू येवक निघालाहा. उलटा आसा, पाय खाली घेवन येताहा. तेची वाट तुझ्या दारातसून जाता. ती वाट मोकळी कर रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" आता माझा आवाज मोकळा झाला होता, आणि तेवढ्यात रस्त्यावरून घोगऱ्या आवाजात आलं, "होय माराजा!" आजोबा! मला हसू फुटलं, भीतीही वाटत होती, आणि अंगावर सरसरून काटा आला. आम्ही दोघं एकदमच ओरडायला लागलो.

"डॉक्टराच्या हाताक येस दे रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"जावयाक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

मग मावशी थांबली. मला वाटलं संपलं. पण ती नारळाकडे बघत होती, आणि पुन्हा बोलायला लागली तेव्हा तिचा तो देवळातला आवाज राहिला नव्हता. शेजारच्या बाईला सांगावं तसं ती त्या धुडाला सांगत होती.

"माझो घो दर्यान नेल्यान. चार वर्साचा चेडू पदरात होता. तेच्या पोटासाठी तेका जावेकडे ठेवलंय नि मी मस्कताक गेलंय. थंय दुसऱ्याची पोरा न्हाणवलंय, जेवणाक घातलंय, झोपवलंय. माझ्या पोराचे दात पडले, ते माका दिसाक नाय. ताप इलो, तो माका कळाक नाय. परत इलंय तेव्हा ता माझ्याएवढा झाला होता, नि माका 'तुमी' म्हणी रे म्हाराजा…"

मी 'व्हय म्हाराजा' म्हणायचंच विसरले. रस्त्यावर आजोबांनी मान खाली घातली होती; त्यांना भाषा कळत नव्हती, पण आवाज कळला असावा. म्हणजे हे होतं तर. सात समुद्र ओलांडून ही बाई कुणाच्या दारात उभी होती ते मला त्या क्षणी कळलं, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"त्या चेडवान माझ्यार राग धरल्यान. धरूचोच. तेचा काय एक चुकला नाय. मी तेच्याकडे काय मागणा नाय. माका भायर बसवल्यान तरी मी भायर बसान. पण तेका सोडव. तेका नि तेच्या बाळाक धक्को लागाक नको रे म्हाराजा…"

बंदरावर एक सीगल ओरडत गेला. मावशी नारळ धरून तशीच उभी होती, कारण उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी मागून आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

मी वळून पाहिलं. चैतालीताई व्हरांड्याचा खांब धरून उभी राहिली होती. केस कपाळाला चिकटलेले, डोळे लाल.

"व्हय म्हाराजा!" ती पुन्हा म्हणाली, या वेळी ओरडून, कळेच्या मधोमध, सगळा जीव एकवटून.

मावशीनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं नारळ उचलला आणि पायरीच्या दगडावर असा आपटला की बंदरापर्यंत आवाज गेला.

आणि सी लायन उठला. पुढचं अंग उचललं, एक जांभई दिली, आमच्याकडे सावकाश बघून घेतलं आणि वळला. वल्ह्यांवर डुलत डुलत, पोट फरफटत, तो गेटातून रस्त्यावर गेला. अलिस्टर आजोबा टोपीसकट आपल्या पत्रपेटीमागे उडी मारून लपले. तो त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता रस्ता ओलांडून गेला, दगडांवरून घसरला आणि पाण्यात गडप झाला.

नंतर माझ्या सरांनी मला समजावलं की ऊन चढलं होतं, त्याला गरम होत असणार, शिवाय नारळाचा आवाज अचानक आला. असेलही तसं. मी मान डोलावली आणि वहीत तसं लिहूनही घेतलं. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी असले किती प्राणी पाहिले, किती रस्त्यांतून हलवले, तेच माझं पोट भरण्याचं काम झालं. पण त्या सकाळचं काय ते मी अजून नक्की ठरवलेलं नाही.

त्या वेळी ठरवायला वेळ कुठे होता? "चला!" मी ओरडले. मावशीनं ताईला कवेत घेतलं, दोघी मागच्या सीटवर, ताईचं डोकं मावशीच्या मांडीवर. मोडका बंपर रस्त्यावर घासत होता. आजोबा टोपी हलवत ओरडत होते, "होय माराजा! होय माराजा!" मी काठाकाठाच्या त्या वळणांवरून गाडी अशी हाणली की आरशात मागचं काही बघायचं धाडसच झालं नाही. मागून फक्त आवाज येत होते. ताईचं कण्हणं, आणि मावशीचं, "हां गो बाय, हां, इला, इला दवाखानो."

अर्ध्या वाटेत रुग्णवाहिका समोरून आली. मी दिवे उघडमीट केले तशी तिनं आम्हाला ओळखलं, वळली आणि दिवा लावून पुढे धावायला लागली. मी तिच्या मागे. मला तर मिरवणुकीत चालल्यासारखं वाटत होतं.

दवाखान्यात दाई चाकाची खुर्ची घेऊन दारातच उभी होती. ताईला बसवलं, लांबच लांब कॉरिडॉरमधून पळवत नेलं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी दाई वळली. "आत कोण येणार? एकच जण."

मी पुढे झाले. ठरलंच होतं तसं. नर्सनं मला घालायला हिरवा गाऊन पुढे केला. मी मागे पाहिलं, तर मावशीनं भिंतीकडेला ठेवलेली खुर्ची आधीच शोधून ठेवली होती. ती तिच्यावर जाऊन बसलीही होती, दोन्ही हात मांडीत, पाठ ताठ. तिच्या बोटांना अजून हळद होती.

"मी हंय बसलंय," ती मला म्हणाली. "तू जा गो. तेचो हात सोडू नको."

मी गाऊनमध्ये एक हात घातला होता. तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून ताईनं माझा दंड धरला आणि मला बाजूला सारलं. अगदी हलकं, पण सारलंच.

"आये," ती म्हणाली.

मावशीनं वर पाहिलं. मला वाटतं तिला खरं वाटलं नसावं. तिनं आपल्या मागे कुणी आहे का म्हणून पाहिलं. मागे फक्त भिंत होती.

"बसलंस काय? ऊठ." ताई रडत होती आणि हसतही होती. "माका भिया वाटता गो. चल माझ्यावांगडा आत."

"मी? आत?"

"तूच." ताईनं हात पुढे केला. "आता खंय जाव नको, आये."

मावशी उठली. मी माझ्या अंगावरचा गाऊन काढला आणि तिच्या हातांत सरकवला.